धोट्याच्या चालीची सायकल

जांबोटीची मोटार निघायच्या आधीच धापा टाकून बसली आणि आज काही ती उठायची नाही, ही बातमी खासबागेतल्या विणकर गल्लीत पोचली तेव्हा राजाबाई नवं लुगडं नेसून, भाचीची कुंची पदरात बांधून उंबऱ्यातच उभी होती. लढाईचे दिवस. पेट्रोल सगळं सोल्जरांच्या गाड्यांना, आणि रयतेच्या मोटारी कोळशावर. चढ दिसला की त्या दमेकरी म्हाताऱ्यासारख्या खोकत. आजच्या मोटारीला तर चढ दिसायचीही गरज पडली नव्हती.

राजाबाईचा भाऊ नागोजी जांबोटीला जंगलखात्यात गार्ड होता. विणकराच्या घरात जन्मून झाडं राखायला गेलेला तो एकटाच. त्याच्या मुलीचं आज दिवेलागणीला बारसं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या म्हणजे राजाबाई. तिची आई सोनाबाई गेल्या साली गेली होती. पोरीचं कपाळ थेट आजीसारखं रुंद आहे, हे ऐकल्यापासून राजाबाईच्या मनानं 'सोना' हे नाव ठेवून टाकलं होतं. पण भावजय ताराबाईला हवं होतं 'लीला'. आणि सख्खी आत्या वेळेवर पोचली नाही, तर चुलत आत्या, वडगावची मालुबाई, 'लीला' ठेवायला एका पायावर तयार होती. ती पहाटेच भरमाच्या बैलगाडीतून निघालीसुद्धा होती.

"गाडीत जागा न्हाय गं राजा," काल तिनं सांगितलं होतं. "माझं गुडघं लांब करून बसावं लागतंय."

"आता सोना न्हाय नि काय न्हाय," राजाबाई पायरीवर मटकन बसली. "त्या गुडघ्यांनी घात केला."

"मी न्हेतो की," आतून तिचा नवरा परशराम म्हणाला.

"कशावरनं?"

"सायकलीवरनं."

राजाबाईनं त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर पुन्हा आत जाऊन बसला असता. सुताची टंचाई होती, माग बंद होता, आणि रिकाम्या पायांना करमेना म्हणून परशराम महिनाभर सोल्जरांच्या कॅम्पातल्या आण्णाप्पाच्या दुकानातली जुनी सायकल आणून शिकत होता. कॅम्पातले रस्ते सुतासारखे सरळ. तिथं शिकून तो दोनदा एका गोऱ्या साहेबाच्या कुंपणात शिरला होता आणि दोन्ही वेळा कुंपणच पुढं आलं म्हणून सांगत होता.

"आण्णाप्पा म्हनतोय, जांबोटीचा रस्ता म्हंजे फुलं हातरल्यागत. पोरानं जावं, म्हाताऱ्यानं जावं, शिकाऊनं जावं. चढाला उतरायचं, उताराला बसायचं, मधी झाडं बघायची."

"आन् पडायचं कवा?"

"त्ये आपल्या मनावर हाय."

सोनाबाईचं नाव डोळ्यांपुढं आलं म्हणून, नाहीतर राजाबाई त्या लोखंडावर बसली नसती. ती मागं आडवी बसली. चारचौघांत नवऱ्याच्या कमरेला धरायचं कसं, म्हणून तिनं त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं. गल्लीच्या वळणापर्यंत तिनं लाज राखली. वळणावर तिनं कंबर धरली.

पिरनवाडीचा रस्ता रुंद आणि सरळ, पण परशरामची सायकल त्यावरून या कडेची बाभळ आणि त्या कडेची बाभळ यांना आळीपाळीनं भेट देत चालली. एक म्हातारा बांधावर बसून बघत होता.

"पावनं, रस्त्यानं चाललाय का रस्ता शिवताय?"

"बाजूला व्हा, आजा!"

"मी बांधावर हाय की! आनि कुटं बाजूला होऊ?"

पुढच्याच गिरकीला दोघं नांगरलेल्या ढेकळांत गेली. राजाबाईनं आधी कुंची चाचपली, मग कोपर.

"हँडल वाकडं हाय," परशराम म्हणाला.

"हँडल न्हाय, हात वाकडा हाय. उठा. बसा. आन् आता बोलू नगासा, मला ऐकू दे."

लग्न झाल्यापासून ती मागाशेजारी बसून, ताण्याच्या उभ्या सुतांतून इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत आली होती. त्याच्या मागाचा आवाज तिला पोळी उलटायच्या वेळेसारखा अंगवळणी पडला होता. आता सायकलीची कुरकुर ऐकता ऐकता तिनं मान डोलावली. डावा पाय खाली, हाताला हिसका. उजवा पाय खाली, हाताला दुसरा हिसका. खाट-खुट, खाट-खुट.

"अवो!" ती ओरडली. "तुमी धोटा मारताय!"

"काय?"

"पाय मागाच्या पावडीवर पडल्यागत खाली गेला की तुमचा हात धोट्याची दोरी वढतोय. एकदा हिकडं, एकदा तिकडं. तुमी सायकल चालवत न्हाय, लुगडं इनताय!"

परशरामनं खाली वाकून स्वतःच्या हाताकडं पाहिलं. त्या पाहण्यात दोघं पुन्हा ढेकळांत गेली. पण आता रोग कळला होता. पंधरा वर्षांची सवय हातातून काढायची कशी, हा प्रश्न उरला. त्याचं उत्तरही राजाबाईकडं होतं. मागावर ताण्यातला धागा तुटला, की विणकराचे हातपाय जागच्या जागी थिजतात. तिनं पुढच्या लहानशा उतारावर पाठीमागून आरोळी ठोकली, "धागा तुटला!"

परशराम दगडासारखा थिजला. पाय थांबले, हात थांबला, आणि सायकल उतारावरून बाणासारखी सरळ गेली.

मग त्यांची रीत बसून गेली. चढ आला की उतरून ढकलायचं. उतार आला की "धागा तुटला!" आणि डोंगर लागून रस्ता नागमोडी झाला, तिथं तर आश्चर्यच. वळण डावीकडं, की परशरामचा हिसका डावीकडं. वळण उजवीकडं, की हिसका उजवीकडं. सरळ रस्त्यावर ज्याची अब्रू गेली, तो वाकड्या रस्त्यावर पट्टीचा ठरला. एखाद्या वळणाला हिसक्याचा मेळ बसायचा नाही, तेव्हा राजाबाई कमरेला चिमटा काढून एक धोटा जादा मारायला लावी.

माहेरचा हा रस्ता तिनं किती वेळा केला होता, पण मोटारीत डोळे मिटून लिंबू हुंगत आणि बैलगाडीत झोपून. आज पहिल्यांदाच तिनं तो पाहिला. ऐनाची झाडं नव्या पालवीनं तांबूस झाली होती. खालच्या ओढ्यावर जांभळीची सावली पडली होती, काजूच्या मोहोराचा गोड वास चढावर त्यांच्याबरोबर चालत होता. सायकल ढकलणाऱ्या परशरामची पाठ घामानं भिजली होती.

"पानी प्या," ती म्हणाली.

"उशीर हुईल तुला."

"हू दे वाईच. नवरा मेल्यावर आत्या हून काय करू?"

परशराम हसला. पाणी प्यायला. आणि पुढच्या टेकाडावरून त्यांना खाली मालुबाईची गाडी दिसली.

"आता गाठलीच!" राजाबाईच्या अंगात वारं शिरलं. "बसा! धागा तुटला!"

सायकल भरधाव सुटली. भरमाचे बैल गरीब, पण लुगडं फडफडवत, "धागा तुटला, धागा तुटला" असं ओरडत मागून काहीतरी येतंय, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी एकदा मान वळवून बघितलं आणि शेपट्या उभारून जे उधळले, ते थेट जांबोटीच्या दिशेनं. गाडी, भरमा, मालुबाई आणि तिचे लांब केलेले गुडघे धुरळ्यात दिसेनासे झाले. मालुबाईची "आयाई गंऽऽ" तेवढी बराच वेळ झाडांतून मागं येत राहिली.

"सपलं," राजाबाई म्हणाली. "बैल चालत गेलं असतं तर पोचलो असतो फुडं. आता तिलाच पळवत न्हेलं आपन."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. परशरामनं सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

"बस," तो म्हणाला. "आता चढालाबी उतरायचं न्हाय."

आणि खरंच तो उतरला नाही. उभं राहून, दात खाऊन, सगळ्या विणकर जातीच्या मांड्या एकवटून त्यानं तो शेवटचा चढ मारला. पलीकडं जांबोटीचा लांब उतार. सायकलीला ब्रेक फक्त नावाला होता. तो उतार राजाबाईनं एका दमात "धागा तुटला" म्हणत उतरवला, कारण मधे थांबली की त्याचे पाय हलत. गावाच्या तोंडाशी गवताची गंजी होती म्हणून बरं. गंजीतून बाहेर आल्यावर तिनं नवऱ्याला 'लागलं का' विचारायला तोंड उघडलं, आणि तोंडातून नुसती हवा आली. आवाज सगळा रस्त्यावर सांडून आला होता.

नागोजीच्या घरी दिवे लागले होते. पाळणा सजला होता, बायका जमल्या होत्या, घुगऱ्या निवत होत्या. पण नाव ठेवलं गेलं नव्हतं. कारण मालुबाई गाडीतून उतरल्यापासून सोप्यातल्या खांबाला मिठी मारून बसली होती आणि काही केल्या खांब सोडायला तयार नव्हती.

"मालुआक्का, आता गाडी थांबल्या," ताराबाई विनवत होती. "पाळन्यापतोर तरी चला."

"खांब घिऊन येतो," मालुबाई म्हणाली.

"राजाक्का आली!" नागोजी ओरडला. "केसांत गवात कसलं गं?"

राजाबाईनं उत्तर दिलं नाही, देता येत नव्हतं. तिनं तशीच बाळीला उचललं. रुंद कपाळ अगदी आईचं. बायकांनी रीतीप्रमाणं पाठीत धपाटे घातले, आणि तिनं इवल्याशा कानाशी ओठ नेऊन "कुर्रर्र" केलं. नुसता वारा. मग नाव घेतलं. तोही वाराच.

"काय म्हनाली?" बायका एकमेकींना विचारू लागल्या.

ताराबाईची आई पुढं बसली होती. बाई मोठी हुशार. "लीला म्हनाली की," तिनं सांगून टाकलं. "मी कानानं ऐकलं. वाटा गं घुगऱ्या."

राजाबाई जोरजोरात मान हलवू लागली.

"बगा, हो म्हनत्या!"

राजाबाईनं कासावीस होऊन दाराकडं पाहिलं. तिथं पुरुषांच्या घोळक्यात, गुडघा फुटलेला, सदरा फाटलेला परशराम उभा होता.

"सोना," तो म्हणाला. "सोनाबाई म्हनाली ती."

"तुमी तितनं कसं ऐकलं हो, दाजी?" ताराबाईची आई कडाडली. "आमी हितं बसून ऐकलं न्हाय त्ये!"

"मगाशी ऐकलं म्हनला की, मामी," कुणीतरी घोळक्यातून टोला हाणला.

परशराम जरा लाजला. चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हती ती. "ऐकायला कशाला पायजे?" तो म्हणाला. "दिसभर मागाचा खडखडाट. सौंसार सगळा त्यातच झाला. आमच्यात आवाजानं कोन बोलतंय? ती व्हट हालवत्या, मला कळतंय."

नागोजीनं डोळ्यांवरून पंचा फिरवला आणि म्हणाला, "सोनाच. आईच आली म्हनायची." ताराबाईनं लेकीच्या कपाळाकडं पाहिलं, मग नणंदेच्या गवत अडकलेल्या केसांकडं, आणि पाळण्याची दोरी तिच्या हातात दिली. मालुबाईनंही खांबाआडून का होईना, एका हातानं घुगऱ्या घेतल्या.

पाळणा हलू लागला. दोरी ओढता ओढता राजाबाईनं दाराकडं पाहून हळूच ओठ हलवले. 'उद्या जाताना मी फुडं बसून चालवनार. तुमी मागं बसा.'

"काय म्हनत्या हो, दाजी?" बायकांनी कौतुकानं विचारलं.

परशरामनं कानावर हात ठेवला. "काय की," तो म्हणाला. "एवढ्या लांबनं कुटं ऐकू येतंय!"