दामलेसरांची एक ओळ

बुडणाऱ्या माणसाने दामलेसरांना इंग्रजीत हाक मारली, तर ते आधी त्याचं वाक्य दुरुस्त करतील आणि मग दोर टाकतील. मी उगाच म्हणत नाही. काशीच्या संकठा घाटावर छेदी नाववाल्याने नावेवर ‘सेफली बोट’ असं रंगवून घेतलं, तेव्हा सर ब्रश घेऊन गुडघाभर पाण्यात उतरले होते.

“गुरुजी, टूरिस्ट तो बैठ गया न!” छेदी कळवळला.

“बैठा है, लेकिन गलत बैठा है!”

सर इथल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते. “विशेषण माणसाला, क्रियाविशेषण त्याच्या कामाला. अदलाबदल केलीत की सब चौपट!” हे आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्यालाही पाठ आहे.

आमचं घर तीर्थोपाध्यायांचं. साताऱ्याकडचे यजमान काशीला आले की आमच्या वहीत, आपल्या घराण्याच्या पानावर, स्वतःच्या हाताने नोंद करतात. हल्लीची नातवंडं इंग्रजीत लिहितात. एकीने लिहिलं, ‘वुई फेल्ट व्हेरी हॅपिली.’ शेजारचे दामलेसर नेमके चहाला आलेले. त्यांनी लाल पेन काढलं, ओळ दुरुस्त केली आणि खाली दहापैकी साडेचार गुण दिले. पोरगी हुशार. भांडून साडेपाच करून घेतले. बाबा मात्र “सात पिढ्यांच्या वहीत लाल शाई!” म्हणून महिनाभर सरांशी बोलले नाहीत.

सरांच्या घराण्याचं पानही आमच्याचकडे. गेल्या वर्षी सरांच्या पत्नी, सुमतीकाकू गेल्या. मूलबाळ नाही, म्हणजे काकूंची नोंद सरांनी केली नाही तर ती राहूनच जाणार. मी आठवण करून दिली की म्हणायचे, “ड्राफ्ट चालू आहे, रघू. घाई करू नको.”

एकदा त्यांच्या टेबलावर तो ड्राफ्ट पाहिला. शंभर पानी वही, इंग्रजी शब्दांनी भरलेली आणि सगळे शब्द खोडलेले. ‘जेंटल’च्या पुढे शेरा होता, ‘अतिशयोक्ती.’ ‘क्वाएट’च्या पुढे, ‘साफ खोटं!’ मला हसू आलं, आणि मग त्यांची फार दया आली. वर्षभर हा माणूस त्या रिकाम्या घरात एकेक शब्द काकूंना लावून बघत होता.

वर्षश्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी सर आले, म्हणाले, “वही काढ.” आपल्या घराण्याचं पान उघडलं. मग मराठीतच लिहिलं, ‘कै. सौ. सुमती. मी घरी येईपर्यंत जेवायची नाही.’ खाली सही केली आणि चष्मा पुसत बसले.

बाबांनी वही ओढून ओळ वाचली. शाई वाळेपर्यंत ती उघडीच ठेवली. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला म्हणाले, “अगं, दामले आलेत. ताट वाढ, आम्ही बरोबरच बसतो.”