मानाचा पीळ

अकोटच्या प्रगतिपथ सहकारी जिनिंग सोसायटीच्या ट्रकमधून तेल गळत होतं, आणि ही गोष्ट ट्रकनं कधी कोणापासून लपवली नव्हती. तो जिथं उभा राही तिथं काळा डाग ठेवून जाई, आणि सोसायटीत येणारे-जाणारे ते डाग ओलांडून चालायला शिकले होते. संचालक मंडळानं या गळतीची दखल घेतली ती मात्र अध्यक्ष सूर्यभानजी पाटलांच्या धोतराचा सोगा एका डागात बुडाला तेव्हा. धोतर परीटघडीचं होतं आणि पाटील सहकारखात्याच्या साहेबांना भेटायला निघाले होते. त्याच संध्याकाळी तातडीची सभा भरली आणि ठराव झाला की, यापुढे तेल बदलल्यानंतर इंजिनाच्या बुचातून एक थेंब जरी गळला, तरी जबाबदार इसमास कामावरून कमी करण्यात यावे. जबाबदार इसम कोण हे ठरावात लिहिलं नव्हतं, कारण ट्रकवर एकच माणूस होता, ड्रायव्हर देवमन.

देवमनला कामावर लावलं होतं चिटणीस खुशालरावांनी. बौद्ध वस्तीतला माणूस गाडीवर घ्यायचा म्हणताच मंडळात कुजबुज झाली होती. तेव्हा खुशालरावांनी समतेवर असं काही भाषण ठोकलं की कुजबुजणाऱ्यांनीच टाळ्या वाजवल्या. खुशालराव माणूस मनाचा चांगला. वाईट एवढंच की, आपण चांगले आहोत हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं. देवमनची बायको मैनाबाई हिनं या नोकरीच्या भरवशावर लोकांच्या वावरात निंदणाला जाणं सोडलं होतं आणि थोरल्या पोरीला शाळेत घातलं होतं. ठरावाची बातमी कळली तसा देवमन खुशालरावांच्या दारात आला. "भाऊसाहेब, आता तुमीच पाहा," एवढंच म्हणाला आणि गेला.

खुशालरावांना रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी एस.टी. धरून ते थेट अमरावतीला, राजापेठेतल्या एका गॅरेजात जाऊन बसले. तिथल्या मिस्त्रीनं त्यांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बुचाखालची चकती, म्हणजे जुनं वायसर, फेकून द्यायचं, दरवेळी नवं तांब्याचं घालायचं. बसायची जागा फडक्यानं लख्ख पुसायची. बूच आधी नुसत्या बोटांनी फिरवत न्यायचं, म्हणजे आटे वाकडे धरत नाहीत. मग पाना लावायचा, एक पीळ द्यायचा, आणि बूच घट्ट बसलं असं हाताला कळलं की थांबायचं.

"बस, रुकनेका," मिस्त्री म्हणाला. "आपले लोकं सगळं करतेत, रुकत नाईत. मंग आटे जातेत न् बूच रस्त्यात पडते."

खुशालराव परतीच्या एस.टी.त ते 'रुकनेका' मंत्रासारखं घोकत आले. खिशात नवं वायसर होतं. आता गुपचूप तेल बदलून घ्यायचं आणि विषय संपवायचा, एवढंच काम उरलं होतं. पण गुपचूप चांगलं काम करणं हे आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना अद्याप साधलेलं नाही. आपण एका गरिबाची नोकरी वाचवतो आहोत, तर ते चार लोकांनी पाहायला नको काय? त्यांनी अध्यक्षांना आमंत्रण दिलं.

सूर्यभानजींनी आमंत्रण स्वीकारलं आणि विचारलं, पहिला पीळ कोणाचा?

खुशालरावांना वाटलं पाटील थट्टा करतात. पाटील थट्टा करत नव्हते. मान हा आमच्याकडे असा पदार्थ आहे की तो मिळाला नाही तर माणूस भरल्या पंगतीतून उपाशी उठतो. पोळ्याला तोरणाखालून कोणाची जोडी आधी जाणार यावरून जिथं डोकी फुटतात, तिथं सोसायटीच्या बुचाचा पहिला पीळ ही साधी बाब राहणं शक्यच नव्हतं. पहिला अध्यक्षांचा ठरला. ते कळताच उपाध्यक्ष वामनराव हेडमास्तर रुसले, म्हणून दुसरा त्यांचा. मग बाकीच्या संचालकांनी काय घोडं मारलं होतं? शेवटी सर्वानुमते ठरलं की प्रत्येकानं एकेक पीळ द्यावा. जितके पीळ जास्त तितकी गळती कमी, हे गणित सगळ्यांना पटलं. खुशालरावांनी मिस्त्रीचं म्हणणं मांडायला तोंड उघडलं, पण आता अडवलं तर कोणाचा मान अडवल्यासारखं होईल, या विचारानं ते मिटलं.

वामनरावांचा एक आक्षेप मात्र राहिला. 'बूच आवळणे' हे शब्द सोसायटीच्या इतमामाला शोभत नाहीत, आता राज्यकारभार मराठीत आला आहे, तेव्हा शब्दही राज्याला साजेसे हवेत. म्हणून आमंत्रणपत्रिकेवर 'तैलछिद्रपिधान दृढीकरण समारंभ' असं छापलं गेलं. अनेकांना ते लग्न वाटलं आणि ते आहेर घेऊन आले.

समारंभ थाटात झाला. ट्रक दुरुस्तीच्या खड्ड्यावर उभा केला होता. देवमननं जुनं तेल काढलं, जागा पुसली, नवं वायसर घातलं आणि बूच बोटांनी बसवलं. पान्याचं काम सुरू व्हायच्या आधी त्याला वर बोलावून भिंतीपाशी उभं राहायला सांगण्यात आलं, कारण खड्ड्यात सतरंजी घातली होती आणि मानकऱ्यांना मोकळी जागा हवी होती. बुचाला हळदकुंकू लागलं. नारळ फुटला.

सूर्यभानजींनी पहिला पीळ दिला, आणि खरं सांगायचं तर तिथंच काम झालं होतं. पाना अडला तो खुशालरावांना वरूनही दिसला. 'थांबा' हा शब्द त्यांच्या जिभेवर आला होता. पण वामनराव धोतर सावरत खाली उतरलेही होते, आणि शिकलेल्या माणसाच्या मनगटात जोर नसतो असं पाटील म्हणू नयेत म्हणून त्यांनी पान्यावर अंगाचा भार टाकला. त्यांच्यामागून जो उतरला त्यानं वामनरावांपेक्षा जास्त जोर लावला. हळूहळू पीळ देताना हुंकार देण्याची प्रथा पडली. सहकारखात्याचे साहेब पाहुणे होते, पण खात्याचा मान म्हणून त्यांनीही बुशकोटाच्या बाह्या सारून एक दिला, आणि बुचानं बारीकसा आवाज केला. तो आवाज टाळ्यांत बुडाला.

"खुशालराव, कार्य तुमचं हाये," अध्यक्ष म्हणाले. "शेवटचा तुमचा."

खुशालराव नाही म्हणू शकले असते. पण नाही म्हटलं तर, यांचाच विश्वास नाही की काय, असं लोकांना वाटलं असतं. ते उतरले, त्यांनी पाना लावला आणि अगदी हलका पीळ दिला. पाना अडला नाही. लोण्यात सुरी फिरावी तसा फिरला, आणखी थोडा फिरवला तर आणखी फिरला. आटे गेले होते. वर येऊन त्यांनी हात पुसले. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, भिंतीपासचा देवमनही.

"मस्त बसलं," खुशालराव म्हणाले.

देवमननं नवं तेल ओतलं आणि रुईच्या गाठी लादून तो अकोल्याला निघाला. वाटेत चोहोट्टा गावाच्या पुढं कुठंतरी बूच पडलं. तेलाचा काटा खाली गेलेला पाहून त्यानं गाडी थांबवली, पण तोवर इंजिन जाम झालं होतं. ट्रक बैलजोड्या लावून ओढत परत आणावा लागला, आणि तेव्हा मात्र कोणाची जोडी पुढं हे कोणी विचारलं नाही.

चौकशीसाठी उपसमिती नेमली गेली. ज्यांनी पीळ दिले तेच तिचे सदस्य होते, कारण प्रकरणाची प्रत्यक्ष माहिती त्यांनाच होती. देवमनला समोर उभं करण्यात आलं.

"देवमन, बूच आवळाले तू पीळ देला होता काय?" सूर्यभानजींनी विचारलं.

"नाई जी."

"म्या देला, मास्तरांनी देला, साहेबांनी देला. मंडळातल्या एकूनएक मानसानं देला. तू एकटा काहून नाई देला?"

"मले कोनी बोलावलंच नाई. मले तं भितीपाशी उभा राय म्हनलं होतं."

"म्हणजे प्रत्यक्ष चालक ऐन दृढीकरणाच्या वेळी भिंतीपाशी उभा होता," वामनराव म्हणाले. "कृपया नोंद घ्यावी."

नोंद घेतली गेली. देवमननं मग खुशालरावांकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, नुसती आशा होती, आणि खुशालरावांना तीच सोसवेना.

"भाऊसाहेब, शेवटी तुमीच होते खाली. तवा बूच कसं होतं?"

खरं उत्तर चार शब्दांचं होतं. पण ते दिलं असतं तर सूर्यभानजींपासून साहेबांपर्यंत सगळ्यांचा मान त्या बुचासारखा रस्त्यात पडला असता, आणि खुशालरावांचा सगळ्यांत आधी. त्यांनी टेबलाकडे पाहिलं.

"तेव्हा... पक्कं होतं," ते म्हणाले.

निष्कर्ष सरळ होता. ज्यांनी ज्यांनी बूच आवळलं त्यांच्या हातून ते सुटणं शक्य नाही. एकाच इसमानं ते आवळलं नाही. सबब दोष त्याचा. देवमनला कमी करण्याचा ठराव हात वर करून मंजूर झाला. खुशालरावांचा हातही वर गेला, थोडा उशिरा.

पण त्यांचं मन त्यांना खाऊ लागलं. ते उभे राहिले आणि म्हणाले की, झालं ते झालं, पण ड्रायव्हरला समारंभात मान दिला नाही हा आपणा सर्वांचा सामाजिक दोष आहे. म्हणून पुढच्या वेळी एक पीळ मागासवर्गीयांसाठी राखून ठेवावा. वामनरावांचे डोळे पाणावले. साहेबांनी ही सूचना पुरोगामी असल्याचं सांगितलं, आणि टाळ्या पडल्या.

त्यानंतर चहा आला आणि सभा मुख्य विषयाकडे वळली. आटे गेलेल्या भोकाचं काय करायचं? कोणी म्हणालं लाकडी खुंटी ठोका, कोणी म्हणालं लाख भरा. साहेब म्हणाले, नवे आटे पाडून जाड बूच बसवतात. मग तसं बूच मिळतं कुठं, यावर दिवेलागणीपर्यंत मोठी मोलाची चर्चा झाली. देवमन दारात उभा होता तो त्या चर्चेत केव्हा निघून गेला, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

जाड बूच अमरावतीला मिळालं. तुम्ही तेच विचारणार होता ना?