बरणीला कान

निंबाआप्पा रोज सकाळी कामावर निघण्याआधी एका चिनी मातीच्या बरणीला कान लावून बसत. डोळे मिटलेले, चेहरा नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा. मग मान हलवून म्हणत, "अजून बोलतेय."

बरणीत द्राक्षांची वाईन होती. ती बोलत होती म्हणजे तिच्यातून वायू सुटत होता. हा वायू आप्पांचा शत्रू.

सुरतेत लिंबायतला आमच्या खोल्या लागून होत्या. नव्वदनंतरची ती वर्षं. मी शाळेत मास्तर. आप्पा धुळ्याकडचे, लूम दुरुस्त करणारे, गळ्यात तुळशीची माळ. दारूबंदीच्या राज्यात घरी वाईन घालणारा आणि स्वतः थेंबही न चाखणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. पोलिसांची भीती त्यांना होतीच, पण बुडबुड्यांची जास्त होती.

कारण आप्पांच्या बायकोची, म्हणजे वहिनींची, भूक मेली होती. दवाखान्याने हात टेकून घरी पाठवलं होतं. गावच्या वैद्यांनी जेवणाआधी दोन चमचे द्राक्षासव सांगितलं. विकतचं त्या थुंकून टाकत. आप्पांनी घातलेली वाईन मात्र त्यांना आवडली. पण पोटात गेली की उचकी लागे, आणि उचकीत घास ताटातच राही. म्हणून वायू काढायचा, आणि त्यासाठी ढवळायला नेमकी वस्तू शोधायची.

शोध चार महिने चालला. उलथणं घेतलं, त्याला फोडणीचा वास. "हाई नही चालस, सर." कडुनिंबाची काठी कडू उतरली. ॲल्युमिनियमची सळई आंबटाने काळवंडली. मग त्यांनी पोलादी तार वाकवून गिरमिटात बसवली आणि मला बरणी धरायला बोलावलं. चार फेरे झाले असतील. बरणीने असा फेस ओकला की माझा सदरा, भिंतीवरचं कॅलेंडर आणि त्यावरचे गणपती एकदमच लाल झाले.

"जोर जास्ती झाला," आप्पा शांतपणे म्हणाले.

खाटेवरून वहिनी हसल्या. "मन्हासंगे कधी इतलं बोलनात का? बरनीसंगे बोलतस!"

"ती उलटून बोलत नही," आप्पा म्हणाले.

चुलीवरच्या खिळ्याला वहिनींची रवी टांगलेली होती. वहिनींनी अंथरूण धरल्यापासून ती खाली उतरली नव्हती. मी म्हटलं, "आप्पा, इतकी खटपट कशाला? ही रवी घ्या की."

त्यांनी माझ्याकडे मठ्ठ विद्यार्थ्याकडे पाहावं तसं पाहिलं. "रवी हवा आत घालते, सर. आपल्याला बाहेर काढायचीय." यंत्रातल्या माणसाशी मी काय वाद घालणार?

शेवटी त्यांना सायकलचा पंप सुचला. आतलं चामडं उलटं बसवलं की पंप हवा भरण्याऐवजी ओढतो. बरणीच्या तोंडाला रबरी बूच, बुचातून नळी, नळीला पंप. आप्पा ओढत, बुडबुडे वर येत, आप्पा पुन्हा ओढत. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ हेच. एका सकाळी त्यांनी कान लावला आणि बराच वेळ उचललाच नाही.

"गप झाली," ते म्हणाले.

त्यांनी दोन चमचे वाटीत काढले आणि खाटेशी नेले. वहिनींना तोवर पाणीही गिळवत नव्हतं. वाईन ओठांच्या कडेने उशीवर ओघळली. उचकी लागली नाही. चार दिवसांनी त्या गेल्या.

तेराव्यानंतर मी आप्पांकडे गेलो. बरणी कोपऱ्यात तशीच होती. मी पुस्तकं वाचणारा माणूस. अशा वेळी बोलायचे शब्द कुठल्याच पुस्तकात मला सापडलेले नाहीत. काहीतरी करायचं म्हणून बरणीचं झाकण काढलं. गाळ बसला होता. ढवळावं म्हणून खिळ्यावरची रवी काढली.

आप्पांनी ती माझ्या हातातून ओढून घेतली.

"हाई नही चालस!"

"आता हवा आत गेली तर काय बिघडणार आहे, आप्पा?"

त्यांनी रवी नाकाशी नेली आणि डोळे मिटले. रोज बरणीला कान लावताना मिटत, तसेच.

"तिनं केलेल्या ताकाचा वास शे अजून," ते म्हणाले. "वाईनमध्ये बुडवली असती तर गेला असता."

मग त्यांनी रवी माझ्यापुढे धरली. "बघा ना, सर. येतो ना?"

मी वास घेतला. सुक्या लाकडाचा होता, आणि थोडा चुलीच्या धुराचा.

"येतो, आप्पा," मी म्हटलं.