चार नंबरचं टेबल नाही, याची नोंद घ्यावी

जी वस्तू मोजली की चुकते, ती वस्तू नसलेलीच बरी. आधुनिक उत्पादनशास्त्राचा हा पाया आहे, आणि नगरच्या एमआयडीसीतल्या एका कडबाकुट्टीच्या कारखान्याने तो जितका खोल खणला, तितका फार थोड्यांनी खणला असेल. या खणकामाचं श्रेय प्लॅनिंग विभागाच्या पंकजकडे जातं. (प्लॅनिंग विभाग म्हणजे पंकज, एक संगणक आणि एक कूलर. कूलर उन्हाळ्यात बंद असतो.)

पंकजचं दुखणं एकच होतं, पात्यांचं चाक. कडबाकुट्टीत चारा कापतं ते हे चाक. बाकीचं मशीन म्हणजे त्याला उभं राहायला दिलेला सांगाडा. चार नंबरच्या टेबलावर सविता आणि तिच्या जोडीच्या तिघी या चाकाला पाती बसवायच्या, ते फिरवून तोल बघायच्या, लाल रंग मारायच्या आणि रात्रभर वाळायला रॅकवर ठेवायच्या. सकाळी चाक पुढे जाऊन सांगाड्यात बसायचं. काम इतकं सरळ. पण महिनाअखेरीला सॉफ्टवेअरमधली चाकं आणि रॅकवरची चाकं यांचा मेळ म्हणून बसायचा नाही. कधी दोन जास्त, कधी तीन कमी. मग मालक राधाकृष्णशेठ पंकजला केबिनमध्ये बोलवायचे आणि विचारायचे, "चाकं रात्रीची फिरायला जातात का रे?" पंकज पुन्हा रॅक मोजायला जायचा.

उत्तर पुण्याहून आलं. सॉफ्टवेअर शिकवायला आलेल्या प्रशिक्षकाने फळ्यावर चहाचा कप काढला. "चहा करताना आधी आपण आधण ठेवतो," तो म्हणाला. "पण आधण बरणीत भरून फडताळात ठेवलेलं कोणी पाहिलंय? झालं की लगेच चहात जातं. मग त्याचा हिशेब कशाला? पाणी, साखर, पत्ती, दूध एवढं मोजा, आणि आधणासमोर फँटमची टिक करा."

फँटम म्हणजे अशी जोडणी, जी होते, पण सॉफ्टवेअरच्या लेखी होत नाही. तिला जॉबकार्ड (कामाची आणि करणाऱ्याची नोंद) नाही, साठा नाही, वेळ नाही. सॉफ्टवेअर तिच्या आरपार बघतं आणि थेट तिच्या आतले नट, बोल्ट आणि पाती मोजतं. प्रशिक्षकाने एक अटही घातली होती, की जी जोडणी रात्रभर रॅकवर थांबते तिला ही टिक चालत नाही. पण ही अट त्याने जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर सांगितली, आणि त्या दिवशी जेवणात मासवडी होती.

पंकजने चाकासमोर टिक केली.

परिणाम थक्क करणारे होते. चाकांचा मेळ पहिल्याच महिन्यात बसला. ज्याचा साठाच नाही, तो चुकणार कसा? एक मशीन तयार व्हायला लागणारा वेळ निम्म्यावर आला, कारण चाकाला वेळ लागणंच बंद झालं. (टेबलावर लागत होता. पण ज्या टेबलावर कुठलंच जॉबकार्ड निघत नाही ते टेबल सॉफ्टवेअरने आपणहून मिटवलं होतं.) चौघी बायका पूर्वीइतकीच चाकं करत होत्या. फरक एवढाच पडला, की आता ती आपोआप होत होती. शेठनी पंकजला सगळ्या कामगारांसमोर 'उत्कृष्ट सुधारक' अशी ढाल दिली. ती त्याने कूलरवर ठेवली. सविताने टाळ्या वाजवल्या, त्याही जोरात.

तिच्या टाळ्यांना कारण होतं. कंत्राटदाराकडून आलेल्या ज्या माणसांचं काम वर्षभर नोंदलेलं दिसेल, त्यांना दिवाळीला कायम करायचं असं शेठनी जाहीर केलं होतं. ही बातमी तिला पंकजनेच दिली होती, टिक करण्याच्या आधी. "ताई, तुमचं नाव पहिलं," असंही तो म्हणाला होता. त्या भरवशावर तिने मुलीला नर्सिंगला घातलं होतं.

श्रावणात ती कूलरपाशी येऊन उभी राहिली.

"साहेब, हापिसात म्हनत्यात आमची हजेरी हाय, पन काम न्हाई. मंग आमी दिसभर हितं काय करतो?"

"काम करता ना, ताई," पंकज म्हणाला. "पण ते काम होत नाही."

"ती जी काय टिक केलीय म्हनत्यात, ती काढायला किती येळ लागतो?"

"वेळ काहीच नाही. पण मग चाकं पुन्हा चुकतील."

"चाकं चुकू नयेत म्हनून आमी न्हाई व्हायचं व्हय?"

पंकजला लाज वाटली. खरी वाटली, कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत वाटली. पण लाजेचं जॉबकार्ड निघत नाही, आणि कूलरवरची ढाल मात्र मान वर केली की दिसते. "दसरा होऊ द्या," तो म्हणाला. "मग बघतो."

दसरा म्हणजे कारखान्याचा सुगीचा दिवस. मुहूर्तावर मशीन घरी न्यायला पार राहात्यापासून शेतकरी पिकअप घेऊन येतात. त्यामुळे आदल्या दिवशी, खंडेनवमीला, धावपळ असते. पण हत्यारांची पूजा टाळता येत नाही. एकदा पूजा झाली, की दसऱ्याची पूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, असा जुना रिवाज. यावरही कारखान्याने सुधारणा केली होती. दर वर्षी परिपत्रक निघायचं, की खालील टेबलांवरची हत्यारं दुपारी दोननंतर मोकळी समजावीत. यंदा टेबलांची यादी प्रथमच सॉफ्टवेअरमधून काढली. त्याच यादीप्रमाणे नारळ, झेंडूची माळ आणि पेढ्यांचा पुडा वाटला.

चार नंबरच्या टेबलाला काही आलं नाही.

चौघी थोडा वेळ वाट बघत थांबल्या. मग सविताने गेटवरून स्वतःच्या पैशाने नारळ आणला. पाने, हातोड्या, तोल बघायचं जुनं लोखंडी स्टँड, सगळं पुसून टेबलावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ वाढवला. तोवर दोन वाजले. बाकीच्या टेबलांवर परिपत्रकाप्रमाणे खडखडाट सुरू झाला. चार नंबरवर चौघी पदर खोचून डबे आवरायला लागल्या.

पंकज धावत आला. "ताई, उद्याची चाकं?"

"पूजलेलं हत्यार हाय, साहेब. उद्याच्या पूजेपत्तोर हात लावायचा न्हाई."

"परिपत्रक आहे ना! दोननंतर मोकळी."

"आमच्या टेबलाचं नाव न्हाई त्यात," सविता म्हणाली. "दोनदा वाचून घेतलं." आणि चौघी गेल्या. तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता, हे पंकजने पुढे बऱ्याच जणांना सांगितलं.

सॉफ्टवेअरला यातलं काही कळलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळे सांगाडे उभे राहिले. एकेक सांगाडा झाला की चाकाची पाती आणि बोल्ट वापरले गेले असं त्याने आपणहून धरलं, आणि मशीन पूर्ण झाल्याची नोंद केली. पाती खोक्यात होती. उशीर झालेल्या कामांचा तक्ता कोरा होता, कारण जे होतच नाही त्याला उशीर होण्याची सोय नाही. कारखान्याच्या इतिहासातला हा सर्वांत वक्तशीर दसरा होता.

सकाळी राहात्याचा सूर्यभान पहिला आला. पिकअपला झेंडू, कपाळाला गुलाल. त्याने मशीनभोवती एक फेरी मारली आणि मधल्या मोकळ्या भोकातून पलीकडचा वॉचमन पाहिला.

"चाक कुठंय?"

पंकजने त्याला कागद दाखवला. "मशीन पूर्ण आहे. चाकाची आम्ही वेगळी नोंद ठेवत नाही."

"मंग गायीला ह्यो कागदच टाकू का?"

या प्रश्नावर सॉफ्टवेअरमध्ये काही तरतूद नव्हती. सूर्यभानामागे आणखी पिकअप उभे राहिले, शेवटची गाडी गेटच्या बाहेर. काहींनी मुहूर्त टळू नये म्हणून सांगाड्यालाच हार घातला आणि तो तसाच घेऊन गेले. चाकं नंतर टेम्पोने घरोघर पोचवावी लागली. चौघींनी ती दसऱ्याची पूजा उरकून मान वर न करता केली. टेम्पोच्या फेऱ्यांची नोंद ठेवली गेली, चाकांची नाही.

चौकशी झाली. शेठ, हिशेबनीस आणि पंकज केबिनमध्ये बसले, चहा आला, आणि शेठनी विचारलं, "नेमकं उशिरा काय झालं? एक वस्तू सांग."

पंकजला ती वस्तू माहीत होती. टेबल माहीत होतं, नाव माहीत होतं, त्या बाईची मुलगी कुठल्या कॉलेजात शिकते तेही माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. त्या वाक्यात ढाल जात होती आणि सविता येत होती. त्याने चहाचा घोट घेतला.

"सिस्टिममध्ये तर काही दिसत नाही, साहेब."

दिवाळीला कायम झालेल्यांची नावं फलकावर लागली. चार नंबरचं कोणी नव्हतं. विचारणा केल्यावर सविताला लेखी उत्तर मिळालं, की अस्तित्वात नसलेल्या टेबलावर कायम जागा निर्माण करता येत नाही. मसुदा पंकजचा होता. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मुलीचं नर्सिंग पहिल्या वर्षातच थांबलं. भाऊबीज झाल्यावर सविता पुन्हा टेबलावर आली, कारण चाकं आपोआप व्हायची असली तरी ती करायला कोणीतरी लागतं.

पंकजला नावं ठेवायला निघालेल्या वाचकांनी जरा थांबावं. हे वाचताना तुमच्याही हाताशी चहा असेल. त्यात काय काय गेलं ते मोजून बघा. पाणी, साखर, पत्ती, दूध. घातलं असेल तर आलं. मेळ बसला ना?

मग झालं. कप तिथेच ठेवा, तो आपोआप उचलला जाईल.