बारा नंबर गेला

"बारा नंबर गेला, वहिनी," भाऊजी म्हणाले आणि पुरणपोळीचं ताट बाजूला सारलं.

पुरण वाटायला मला दीड तास लागला होता. आणि ज्याच्यासाठी ताट सारलं, तो बारा नंबर जन्मालाच आलेला नाही. टीव्हीतल्या व्हिडिओ गेममधला पोरगा तो. मी पोळी झाकून ठेवली. अशा वेळी बोलून उपयोग नसतो, तरी बोलले. "गेला तर गेला. पोळीने काय घोडं मारलंय?"

सुधाकर भाऊजी माझे धाकटे दीर. वय अडुसष्ट. शाळेत पस्तीस वर्षं पीटीचे मास्तर. सासरे महूच्या पलटणीत होते, त्यामुळे कवायत भाऊजींच्या रक्तातच आहे, झोपतातसुद्धा सावधानमध्ये. बायको गेली. मुलगा अभय अमेरिकेला कॉलेज शिकायला गेला, तो तिकडेच राहिला. अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या गल्लीत मी वर राहते, ते खाली. जेवण माझ्याकडे.

मागच्या दिवाळीत अभय आला आणि त्याने माझ्या टीव्हीला व्हिडिओ गेमचा एक डबा जोडून दिला. भाऊजींचा टीव्ही जुना, त्याला तो डबा चालेना. त्यात अमेरिकेच्या कॉलेजांतल्या फुटबॉलचा खेळ. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट, पोरं डोक्याला टोप आणि खांद्यावर गाद्या बांधून एकमेकांवर आदळतात. पायाने चेंडू क्वचितच मारतात, तरी म्हणे फुटबॉल. अभयचं कॉलेजही त्यात आहे. भाऊजी त्या टीमचे कोच.

"बाबांचा टाइमपास होईल, काकू," अभय म्हणाला होता. त्यांचा होतो. माझ्या मालिका बंद झाल्या.

सामन्याआधी भाऊजी हजेरी घेतात. टीव्हीतल्या पोरांची. शाळेतलं कोरं राहिलेलं रजिस्टर आहे, त्यात सगळ्यांची नावं लिहिलीत. "मैदानात उतरायचं आणि हजेरी नाही? ये क्या बात हुई?" पोरं तर उत्तर देत नाहीत, म्हणून प्रत्येक नावाला मी स्वयंपाकघरातून 'हजर' म्हणायचं. बावीस वेळा. एकदा भाजी करपायला लागली म्हणून मी घाईने 'हजर, हजर, सगळे हजर' म्हटलं. "प्रॉक्सी नाही चलेगी, वहिनी," म्हणाले आणि पहिल्या नावापासून पुन्हा सुरू केलं. भाजी करपली ती करपलीच.

मग खेळ सुरू झाला की यांचं एकच. "असं होत नाही!" गडी साठ यार्ड पळाला आणि धापा टाकत नाही, असं होत नाही. चिखलात लोळला आणि गुडघा स्वच्छ, असं होत नाही. पाय मुरगळलेला पोरगा बाकावर एकटाच बसलाय, एकही मित्र विचारायला येत नाही, असं तर मुळीच होत नाही. हे सगळं लिहून गेमच्या कंपनीला पाठवतात, हिंदीत. उत्तर आलेलं नाही. एकच गोष्ट यांना पटली आहे. दुसऱ्याच्या मैदानावर गेलं की गर्दी एवढी ओरडते की टीव्हीचं चित्रच थरथरतं. पहिल्यांदा मला वाटलं टीव्ही बिघडला, मी जाऊन वरून दोन थापा मारल्या. "अरे, हात काढा! ये सही है!" भाऊजी ओरडले. "परक्या मैदानावर डोळ्यांपुढे असंच होतं!"

बारा नंबर म्हणजे चेंडू फेकणारा. मी चौथी शिकलेली बाई, पण तो हुशार आहे हे मलाही कळायचं. तो आत असला की आपण जिंकायचो. पण जिंकत आलं की भाऊजी त्याला बाहेर बसवून एखाद्या ढब्बू पोराला आत पाठवायचे. शाळेतही यांचा हाच नियम. प्रत्येकाला खेळायला मिळालं पाहिजे. त्या नियमाने पस्तीस वर्षांत शाळेने एक कप आणला, तोही समोरची टीम आलीच नाही म्हणून.

तर त्या गेममध्ये एक खोच आहे. पोराला खेळायला मिळालं नाही की तो नाराज होतो. टीव्हीवर तशी ओळ येते. आणि सीझन संपला की तो उठून दुसऱ्या कॉलेजात जातो. ही ओळ दोनदा आली होती. भाऊजींनीच वाचून दाखवली.

"मग त्याला खेळवा," मी म्हटलं.

"चांगल्या पोराला कळतं, वहिनी. त्याला सांगावं लागत नाही."

"कळलं असतं तर नाराज कशाला झाला असता?"

"तुम्ही मला फुटबॉल नका शिकवू."

"मी फुटबॉलचं बोलतच नाहीये," मी म्हटलं आणि कुकर लावायला गेले.

पुरणपोळीच्या दिवशी सीझन संपला आणि बारा नंबर गेला. "असं होत नाही!" भाऊजी टीव्हीला म्हणाले. "न सांगता कोण जातं?"

"दोनदा सांगितलं होतं त्याने," मी म्हटलं.

पुढचे दोन दिवस हजेरी नाही, खेळ नाही. जेवायला यायचे, दोन घास खाऊन उठायचे. घरात एवढी शांतता की मला मालिका लावायला हरकत नव्हती. लावली नाही.

एक सांगायचं राहिलं. प्रत्येकाला खेळायला मिळालं पाहिजे, या नियमातून एक पोरगा सुटला होता. अभय यांच्याच शाळेत होता आणि वाऱ्यासारखा पळायचा. मास्तरांनी स्वतःच्या पोराला घेतलं असं लोक म्हणतील, म्हणून यांनी त्याला एकदाही मैदानात उतरवलं नाही. चार वर्षं तो काठावर उभा राहून दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत होता. मी तेव्हाच भाऊजींना म्हटलं होतं, हे बरं नाही. तेव्हाही म्हणाले होते, "त्याला कळतं."

रविवारी सकाळी अभयचा फोन आला, तोंड दिसतं तो. भाऊजींनी धरला की नुसतं कपाळ दिसतं, म्हणून फोन मी धरते.

"काय बाबा, टीम काय म्हणते?"

"बारा नंबर गेला."

अभय हसला. "तुम्ही त्याला बसवला असेल."

भाऊजींनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. मला वाटलं, आता म्हणतील, असं होत नाही.

"हो," ते म्हणाले. "खेळवायला पाहिजे होता. तेव्हाच. चूक माझी."

अभयचं हसू थांबलं. "जाऊ द्या बाबा," तो म्हणाला. फोन मात्र दोघांपैकी कोणी ठेवला नाही. माझा हात भरून आला, मी दुसऱ्या हाताने आधार दिला आणि तसाच धरून ठेवला.

फोनमध्ये तो होता. खोलीत आम्ही दोघं, भाऊजी आणि मी. ज्या लोकांना भिऊन पोराला काठावर उभं केलं, त्यांतलं कोणी नव्हतं.