अकरावा प्रश्न

संध्याकाळी सहाच्या आत डॉक्टरांना स्तनाच्या कॅन्सरवरच्या नव्या उपचारांचा ऑनलाइन कोर्स पुरा करायचा होता. नाही केला तर नोंदणीचं नूतनीकरण अडणार, म्हणजे सोमवारपासून पेशंटला हात लावायची सोय नाही. आणि डॉक्टर म्हणजे पस्तीस वर्षं सुरी चालवलेला माणूस. या वयात कुणी आपल्याला शिकवायचं, याचाच त्यांना राग. म्हणून जेवण होताच त्यांनी लॅपटॉप बायकोपुढे सरकवला आणि बाहेरच्या खोलीत मॅच लावली.

"तू फक्त मधून मधून बटण दाब," ते म्हणाले. "माणूस जागा आहे का ते बघतात लेकाचे. शेवटी परीक्षा आहे, तिची उत्तरं मी इथून सांगतो."

"आणि पकडलं तर?"

"तुला कोण पकडणार? जन्मभर शाळेत सुपरव्हिजन केलंयस तू."

बाईंना नेमकं तेच लागलं. कॉपी करणाऱ्या किती पोरांचे कान त्यांनी धरले होते. पण आज त्या नाही म्हणाल्या नाहीत, कारण तीन आठवड्यांपूर्वी आंघोळ करताना त्यांच्या हाताला डावीकडे, काखेजवळ, एक गाठ लागली होती. दुखत नव्हती, सरकतही नव्हती. नवऱ्याला सांगितलं तर तो दुसऱ्या दिवशी टेबलावर घेऊन मोकळा होईल, या धास्तीने त्या गप्प होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, बाईंच्या बाबतीत ते अक्षरशः खरं ठरलं होतं.

त्यांनी बटण दाबलं आणि वहीही उघडली. पडद्यावरची तरुण डॉक्टर सावकाश समजावून सांगत होती. आधी सुईने तुकडा काढून तपासायचा. गाठ कोणत्या प्रकारची ते कळल्याशिवाय सुरी उचलायची नाही. काहींना आधी औषधं देऊन गाठ लहान करता येते. पुष्कळ जणींचा स्तन वाचतो, आणि वर किरणोपचार घेतले की आयुष्य काही कमी होत नाही. हे वाक्य बाईंनी दोनदा अधोरेखित केलं. मग त्या पदर तोंडाशी धरून रडल्या. तेवढ्यात बटण दाबायचं राहून गेलं आणि अख्खा धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

परीक्षेला पाच वीस उजाडले. दहा प्रश्न, सात बरोबर हवेत, संधी तीन. तिन्ही हुकल्या तर परगावी तीन दिवस वर्गात बसायचं, आणि तोवर दवाखान्याला कुलूप.

"पंचेचाळीस वर्षांची बाई," बाईंनी आतून विचारलं. "दोन सेंटिमीटरची गाठ. आधी काय करायचं?"

"काढायची."

"गाठ?"

"सगळंच."

पडद्यावर लाल फुली आली.

"काखेतल्या ग्रंथींमध्ये काही दिसत नसेल तर?"

"त्याही काढायच्या. सुतार घरी आलाच आहे तर खिडकी पण करून घ्यावी."

पुन्हा फुली. दहापैकी तीन मिळाले. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी टीव्हीचा आवाज बंद केला, डोळे मिटून विचार केला आणि चार मिळवले.

"प्रश्नच चुकीचे काढलेत," ते म्हणाले.

नापास होणाऱ्या मुलांची बाईंना नेहमी दया यायची. या मुलाची मात्र भीती वाटली, कारण याच्याच हातात त्या पडणार होत्या.

तिसऱ्या वेळी त्यांनी बाहेर काही विचारलंच नाही. वही समोर धरली आणि एकेक उत्तर देत गेल्या. सहाला आठ मिनिटं असताना निकाल आला. दहापैकी नऊ.

"मला विचारलं नाहीस ते?" डॉक्टर आत आले.

"वेळ नव्हता."

"चला, सुटलो." त्यांनी सर्टिफिकेटचा फोटो काढला, खाली 'माणसाने शिकत राहावं' असं लिहिलं आणि डॉक्टरांच्या ग्रुपवर टाकून दिला. मग ते पुन्हा मॅचकडे वळले.

"अजून एक प्रश्न आहे," बाई दारात येऊन म्हणाल्या.

"दहाच होते ना?"

"हा अकरावा. साठ वर्षांची बाई. डाव्या बाजूला, काखेजवळ गाठ. तीन आठवडे झाले. नवऱ्याला सांगितलेलं नाही."

"का नाही सांगितलं?" डॉक्टरांची नजर अजून टीव्हीवरच होती.

"नवरा सर्जन आहे."

डॉक्टरांनी टीव्ही बंद केला. अशी बातमी त्यांनी शेकडो बायकांना खुर्चीत रेलून सांगितली होती. आता ते उभे राहिले आणि त्यांना बसता येईना. बाईंनी वही पुढे केली. त्यांनी ती वाचली, अधोरेखित वाक्यापाशी थांबले आणि पुन्हा वाचली. मग त्यांनी फोन उचलला आणि त्यांच्याच हाताखाली शिकून पुढे कॅन्सरतज्ज्ञ झालेल्या विद्यार्थिनीला लावला.

"एक पेशंट आहे," ते म्हणाले. "उद्या सकाळी बघशील का? मला यातलं नवीन काही येत नाही गं."

"सर, चेष्टा करताय का? आत्ताच ग्रुपवर बघितलं तुमचं सर्टिफिकेट. दहापैकी नऊ. मलासुद्धा आठच मिळाले होते."

डॉक्टरांनी बायकोचा हात घट्ट धरला.

"ते मार्क माझे नाहीत," ते म्हणाले. "पेशंटचे आहेत."