पोपट गप्प बसला तर

एका जंगलात झाडं कमी आणि मोबाइल जास्त झाले होते, त्या काळची ही गोष्ट. नीट बसा, आणि हातातलं ते जरा खाली ठेवा.

त्या जंगलात एक कंपनी होती. पाणवठ्यावर वाघ आहे की नाही, हे घरबसल्या सांगणारं ॲप तिने काढलं होतं. हिरवा दिवा लागला की वाघ नाही, खुशाल या. लाल लागला की थांबा. सगळं जंगल त्या दिव्याकडे बघून पाण्याला जायचं. वास घ्यायचा असतो, कान टवकारायचे असतात, हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

या कंपनीत टिकली नावाची पिसोरी नव्याने लागली. पिसोरी म्हणजे हरणातलं सगळ्यात लहान हरीण, सशाएवढं. तीन महिने काम बघणार, जमलं तर कायम, नाही तर घरी.

टिकलीला वाटायचं, आपण इथे चुकून आलो. बाकीचे फटाफट प्रोग्राम लिहितात आणि आपण एकेक ओळ खुराखाली धरून वाचतो. आज ना उद्या कुणाला तरी कळणार आणि आपल्याला हाकलणार.

कंपनीची एक रीत होती. रोज सकाळी उभ्याने बैठक व्हायची, आणि तीही एका पायावर. बैठक लवकर आटपावी म्हणून. रीत बगळेसाहेबांनी काढलेली. ते स्वतः दिवसभर एका पायावर उभे राहत, त्यामुळे बैठक कधीच लवकर आटपली नाही. चार पायांच्यांनी एक पाय वर धरला तरी चालायचं. प्रत्येकाने म्हणायचं, "काल केलं, आज करतो, अडचण नाही." हे म्हटल्याशिवाय पाय टेकायचा नाही. पाय तर भरून आलेला. मग अडचण कुणाला असणार?

वाचता वाचता टिकली एका जुन्या ओळीपाशी अडली. ती ओळ एका कासवाने लिहिली होती. तेवढ्यापुरती चपळाई करून ते दुसऱ्या कंपनीत निघून गेलं होतं. ॲप पाणवठ्यावरच्या पोपटाला विचारायचं, वाघ दिसतो का? पोपट दिसतो म्हणाला की लाल. नाही तर हिरवा.

टिकलीने शेजारच्या वानराला हळूच विचारलं, "हुप्पेदादा, पोपट काहीच बोलला नाही तर?"

"तर हिरवा."

"पण तो गप्प का बसेल?"

"झोपला असेल. तू नवीन आहेस, टिकले. कळेल हळूहळू."

टिकलीला चैन पडेना. ती पाणवठ्यावर गेली. "पोपटराव, वाघ अगदी जवळ आला की तुम्ही काय करता?"

"उडून जातो," पोपट म्हणाला. "मला काय खुळा समजलीस?"

टिकलीने ती ओळ मनात पुन्हा वाचली. म्हणजे वाघ लांब असला तर लाल, आणि काठावर येऊन बसला की हिरवा.

दुसऱ्या दिवशी बैठक दुपारपर्यंत लांबली. टिकलीची पाळी आली. तिने तोंड उघडलं. मग वाटलं, एवढी शहाणी मंडळी उभी आहेत, त्यांना दिसलं नसेल होय? आपलंच काही चुकत असेल.

"अडचण नाही," ती म्हणाली, आणि पाय टेकला.

तेवढ्यात आईचा फोन आला. "घसा कोरडा पडलाय बाई. पाण्याला निघालेय. तुमचा दिवा हिरवा आहे ना."

"आई, जाऊ नकोस."

"का गं? हॅलो? ऐकू येत नाही." फोन बंद झाला.

टिकलीने चारही पाय घट्ट रोवले. "साहेब, मघाचं मागे घेते. अडचण आहे." आणि तिने पोपटाची गोष्ट सांगितली.

बगळेसाहेबांनी मान वाकडी केली. "मग काय करायचं म्हणतेस?"

"तिसरा दिवा लावायचा. पिवळा. पोपट गप्प बसला तर म्हणायचं, माहीत नाही."

"आपल्या ॲपने माहीत नाही म्हणायचं? लोक काय म्हणतील?"

"म्हणायला लोक उरतील, साहेब."

तिने तिथल्या तिथे चार ओळी लिहिल्या. आई अर्ध्या वाटेवर होती. दिवा पिवळा झाला. हे काय नवीन, म्हणून ती थांबली, आणि कित्येक वर्षांनी तिने वारा हुंगला. मग आल्या पावली परत फिरली.

तीन महिने भरले. बगळेसाहेबांनी टिकलीला बोलावलं. "काम चांगलं आहे. कायम केलं तुला. पण आत्मविश्वास कमी आहे. सारखी विचारत असतेस."

तिला मोराच्या आठ दिवसांच्या वर्गाला धाडलं. वर्गाचं उद्घाटन वाघाने केलं. मोराने शिकवलं, मान वर, शंका खाली. रोज पाण्यात तोंड बघून म्हणायचं, मला सगळं येतं.

टिकली परत आली ती मान वर करूनच. इतकी वर, की खालच्या ओळी दिसेनात. वर्षभरात ती सगळ्यांची प्रमुख झाली.

मग एक खार नव्याने लागली. तिने हळूच विचारलं, "ताई, भर उन्हात पिवळा दिवा हिरव्यासारखा दिसला तर?"

"तू नवीन आहेस," टिकली म्हणाली. "कळेल हळूहळू." आणि तिने बैठकीसाठी पाय वर घेतला.

तिची आई अजून धडधाकट आहे. तिने ते ॲप केव्हाच काढून टाकलं. वारा हुंगूनच पाण्याला जाते. लेकीला तेवढं सांगितलेलं नाही.

तात्पर्य: नवख्याच्या मनातली शंका लवकरात लवकर घालवावी. वाघालाही पोट आहे.